अकरा मुरे

तिन्ही मासे उताणे तरंगत होते. सातची पहिली शिफ्ट. डबा खुंटीला अडकवायच्या आधी मी टाकीकडे बघतो, ती सवयच लागलीय, आणि बघितलं तर नारिंगी पोटं वर करून तिघंही एका कोपऱ्यात गोळा झालेले, डोळ्यांवर दुधावर साय धरावी तसा पडदा. आमच्या कंपनीत बोल्टना आणि पट्ट्यांना चकाकी चढवतात. ते धुतलेलं पाणी माझ्याकडे येतं. मी त्यात चुना टाकतो, तुरटी टाकतो, गाळ खाली बसवतो, गाळाची पोती भरतो आणि उरलेलं पाणी शुद्ध झालं असं वहीत लिहितो. ते पाणी जिथून बाहेर पडतं तिथं ही काचेची टाकी ठेवलीय. वर निळी पाटी आहे, ‘प्रक्रिया केलेल्या पाण्यात जगणारे मासे’. पाहुणे येतात, अधिकारी येतात, मोठ्या कंपन्यांचे ऑडिटवाले येतात, सगळे टाकीपाशी येऊन वाकतात आणि खूश होऊन सरळ होतात. कागदावरचे आकडे कोणाला कळत नाहीत, जिवंत मासा सगळ्यांना कळतो. नऊ वर्षं मी त्या टाकीत नळाचं पाणी भरत आलोय. आदल्या दिवशी ड्रममध्ये काढून ठेवायचं, औषधाचा वास उडाला की दुसऱ्या दिवशी टाकीत ओतायचं. आउटलेटचा कॉक टाकीला जोडलेला आहे, पण तो शोभेचा. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी माझी समजूत घालायचो. कोणी विचारणार नाही हे पक्कं ठाऊक होतं म्हणूनच ती समजूत घालता येत होती.

“काल तुमची सुट्टी होती दादा,” गणराज माझ्या मागे येऊन उभा राहिला. गणराज लातूरकडचा, चाळिशीचा माणूस. तिकडच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होता, कारखाना बंद पडला तसा इकडं आला, माझ्या हाताखाली लागून तीन आठवडे झाले होते. “टाकीतलं पाणी लई खाली गेलतं. म्हणून मी कॉक सोडला.”

“कुठला कॉक?”

“हा काय. आउटलेटचा.”

“कोणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला पायजे ओ? बोर्डावरच लिवलंय की.”

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. हात वरही आला असेल. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात गळून पडला. त्या तोंडावर खोट अशी काही नव्हती. पाटी वाचून पाटीवर विश्वास ठेवणारा नऊ वर्षांत हा पहिलाच माणूस. साहेबांनी ठेवला नाही, ऑडिटवाल्यांनी ठेवला नाही, मी तर नाहीच नाही. एका माणसानं विश्वास ठेवला आणि सकाळपर्यंत तीन मासे खलास. मला हसू यायला लागलं, आणि हसताना तोंडात ती चव आली, जिभेवर खिळा ठेवल्यासारखी. या प्लांटवर लागलो तेव्हापासून ती चव कधीही येते, जेवताना येते, देवापुढे हात जोडताना येते.

प्रज्वल सर आमचे प्लांट हेड. वय तिशीच्या आत, बोलायला गोड, मला दादा म्हणतात आणि म्हणताना खांद्यावर हात ठेवतात. दादासाहेब हे माझं नावच आहे, त्यामुळे त्यात मान किती आणि नाव किती ते मला आजवर कळलं नाही. ते आले, टाकीत बघितलं, फोन खिशात टाकला. “तीन वाजता प्रदूषण मंडळाच्या मॅडम येतायत इन्स्पेक्शनला. आजच मरायचं होतं यांना?” मी म्हटलं, पिंपरी कॅम्पातून दुसरे आणतो, तासाभराचं काम आहे. “नाही चालणार. मागच्या वेळचा रिमार्क विसरलात? दुकानातला मासा इथला नाही, स्थानिक प्रजाती ठेवा, असं लिहून गेल्यात मॅडम. दादा, तुम्ही इथलेच ना? तुमच्या ओढ्यात असतील की मासे.” ओढ्यात. ज्या ओढ्यात, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, कंपनीचं पाणी पावसाळी गटारातून जातं, नऊ वर्षं जातंय, माझ्या हातानं सोडलेलं. त्याच ओढ्यात मासे आहेत का, असं हा मला विचारत होता आणि विचारताना त्याचा चेहरा अगदी स्वच्छ होता. तुम्ही काय ठेवलंत का त्यात, असं म्हणता आलं असतं. नुसतं ‘नाहीत’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि गटार मिळतं तिथून खालच्या ओढ्यापुरतं ते खरंही होतं. पण सर पुढे म्हणाले, “जमवा काहीतरी. रिपोर्ट खराब आला तर कोणावर तरी टाकावं लागेल, आणि कॉक कोणी सोडला ते मला कळलंय. बिचाऱ्याची दोन लेकरं आहेत म्हणे.” गणराज पाच पावलांवर मेलेले मासे चहाच्या गाळणीनं काढत होता. मी म्हणालो, “बघतो.”

त्या ‘बघतो’चा मी त्यानंतर फार विचार केलाय. माणसाला वाचवायला गेलो, असं म्हणायची मला सोय होती, आणि त्या सोयीचाच मला आता संशय येतो. कारण ‘बघतो’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर गणराजची लेकरं नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर एक जागा होती. डोंगराच्या पोटाला, आमच्या ओढ्याच्या उगमाशी, जिथं बोटभर धार होळीनंतरही वाहते तिथलं घोंगडीएवढं पाणी. तिथं अकरा मासे होते हे जगात दोन माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरी माझी मुलगी अपेक्षा.

रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा धुऊन घेतला, गाडीच्या मागं बांधला आणि निघालो. कंपनीपासून चौदा किलोमीटर. आधी गोदामं, मग ट्रेलरचे तळ, मग भाड्याच्या खोल्यांच्या चाळी, मग प्लॉटिंगच्या कमानी, आणि त्यांच्या मागे दबून बसलेलं आमचं गाव. आम्ही आता चिखलीत राहतो, दोन खोल्यांत. गावात शिरलो की मी गाडी हळू करत नाही. मारुतीला लांबून हात करतो. ओढ्यावरच्या पुलावर मात्र नाक आपोआप बंद होतं, आणि नाक बंद केल्याची लाज वाटते, कारण तो वास कोणाचा ते मला डोळे झाकून ओळखता येतं. खाली राखाडी पाणी, काठाला फेस, फेसावर गुटख्याच्या पुड्या. याच पुलाखाली माझे वडील मला मासे दाखवायचे. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नानांना मोठ्या माशांचं कौतुक नव्हतं. ते गुडघाभर पाण्यात वाकायचे, एक दगड कडेनं अलगद उचलायचे आणि म्हणायचे, “बघ, बसलाय. दिसला का?” मला काही दिसायचं नाही. खडे दिसायचे, वाळू दिसायची. “आरं, वाळूलाच मिशा हायत, नीट बघ.” मग वाळूचाच एक तुकडा मासा व्हायचा. करंगळीएवढा, अंगावर काळपट पट्टे, तोंडाभोवती आठ मिशा, खवले जणू नाहीतच. “ह्यो मुरा. ह्यो पवत न्हाई, ह्यो बसतो. समदे मासे पान्यात ऱ्हात्यात, ह्यो दगडाखाली ऱ्हातो.” पोहायचं तर वीतभर, लगेच दुसऱ्या दगडाखाली. चैत्रात ओढा आटायला लागला की मुरा वाळूच्या खाली शिरायचा, ओल जाईल तसतसा खाली खाली. नाना काठावर उकिडवे बसून तेवढंच बघत राहायचे. ज्या दगडाशी मुरा शेवटचा दिसला तिथं खूण म्हणून पळसाची काठी रोवायची, आणि गावच्या बायका तिथंच झिरा खणायच्या. हातभर खोल गेलं की पाणी लागायचं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, नाना येळवंड्याची काठी चुकत नाही. नानांना वाचता येत नव्हतं. नळ आला तेव्हा काठी रोवायचं थांबलं. कंपन्या आल्या तेव्हा मुरा संपला. नाना गेले तेव्हा बोलत नव्हते, पण शेवटच्या दिवसांत खाटेवरून हात खाली सोडून फरशी चाचपायचे. आई म्हणायची, चप्पल शोधतायत. मला माहीत होतं ते दगड उचलत होते. मी बोललो नाही. मी तेव्हाही बोललो नाही.

आणि मग अपेक्षा. जयमालेला, माझ्या बायकोला, मुलगी बँकेत जावी असं वाटत होतं. मुलगी प्राणिशास्त्राला गेली. तिसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता, तिनं विचारलं, “पप्पा, आजोबा कुठला मासा दाखवायचे?” मी सांगितलं आणि वर म्हटलं, तो आता नाही. तिनं ते ‘नाही’ ऐकून घेतलं नाही. दोन वर्षं, दर रविवारी, पाठीवर पिशवी, पायात माझे जुने सेफ्टी बूट, ओढा खालून वर चढत गेली. पुलापासून एकेक दगड. लोकांनी मला विचारलं, दादासाहेब, पोरगी सोनं शोधतेय का काय? गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी ती घरी आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरली. “आहेत. पप्पा, आहेत. वरती आहेत.” पुढं तिनं एकेकाचं चित्र काढलं. प्रत्येकाचे पट्टे वेगळे असतात, आपल्या अंगठ्यासारखे, म्हणून मोजता आले. अकरा. जेवताना तिनं वही ताटाशेजारी ठेवली होती आणि बोलता बोलता भाकरीचा घास हातातच राहत होता. या माशाच्या पोटातली हवेची पिशवी नावापुरती, तीसुद्धा हाडात बंद, म्हणून हा तरंगू शकत नाही. “बाकीचे मासे मेले की वर येतात ना? हा मेला तरी तळालाच राहतो. जसा जिवंतपणी बसतो तसाच.” जयमाला म्हणाली, “जेवताना मेलेले मासे नकोत गं माझ्या घरात.” आम्ही तिघंही हसलो. मग अपेक्षा माझ्याकडे वळली. “पप्पा, जागा कोणाला सांगायची नाही. कॉलेजच्या सरांनापण मी नेमकी सांगितली नाही. व्हिडिओवाले येतील, काचेच्या टाक्यांसाठी पकडणारे येतील.” मी म्हणालो, “मी कोणाला सांगणारे?” ते मी पाळलं. कोणालाही सांगितलं नाही.

पाणी इतकं थंड होतं की बोटं दुखली. डोंगराच्या सावलीत दहा वाजले तरी ऊन पोचलं नव्हतं. धार दगडावरून घसरत होती आणि तिचा आवाज फार हळू होता, कोणी शेजारच्या खोलीत पानं उलटावीत तसा. मला वाटलं होतं सापडणार नाहीत, किंवा तसं वाटावं अशी इच्छा होती. पण हात विसरत नाहीत. डाव्या हाताची ओंजळ दगडाच्या खालच्या अंगाला धरायची, उजव्यानं दगड वरच्या अंगानं उचलायचा. मुरा घाबरला की धारेसोबत खाली निसटतो, म्हणजे आपोआप ओंजळीत येतो. नानांनी शिकवलेलं. पहिला हातात आला तेव्हा तळहाताला मिशांची गुदगुली झाली आणि माझ्या अंगावर काटा आला, चाळीस वर्षांपूर्वी यायचा तसाच. त्या काट्यावर विश्वास ठेवून मी तिथंच थांबायला हवं होतं. मॅडमना चार दिसले असते तरी चाललं असतं. तीन दिसले असते तरी. मी पाच झाल्यावर मोजायचं सोडलं. वाटेत एखाददुसरा मेला तर, टाकीत एखादा लपला तर, अशी कारणं डोक्यात येत होती, पण कारणं हातामागून येत होती. हात पुढेच होता. वीस मिनिटांत दगड संपले. डब्यात बघितलं तर तळाला अकरा. अकराच्या अकरा. एखादा परत सोडावा असं मनात आलं, पण कोणता सोडायचा ते ठरेना, आणि घड्याळात साडेदहा झाले होते. हे मी लिहितोय तेव्हा मला माझ्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. घड्याळात साडेदहा झाले होते म्हणून.

मी चार दगडही सोबत घेतले, ते बसायला काहीतरी हवं म्हणून. तेवढी काळजी मला होती. चोराला कुलपाची काळजी असते तशी.

चाकणच्या चौकात अडकलो. त्यात नवं काही नाही, तिथं रोजच अडकतो, नेत्यांची भाषणंही त्यावरच होतात. पण त्या दिवशी वळणावर गाड्या वाहून नेणारा लांब ट्रेलर आडवा बसला होता, त्याच्यावर सहा कोऱ्या पांढऱ्या गाड्या, आणि चारी बाजूंनी सगळं जाम. मार्चचं अकरा-साडेअकराचं ऊन. पुढे टेम्पो, मागे कंपनीची बस, डावीकडे गटार. मी डब्याचं झाकण काढून बघितलं. पाण्याला हात लावला तर हाताला काही लागलंच नाही. गार नाही, गरम नाही, माझ्याच अंगाइतकं झालेलं. धारेतला मासा. त्याला पाणी वाहतं लागतं, फुटतं लागतं, फुटताना त्यात हवा मिसळते त्यावर तो जगतो. हे मला माहीत होतं, कोणीतरी दोन वर्षं जेवताना मला सांगत होतं. मुरे तळ सोडून वर आले होते. तळ कधीच न सोडणारे मासे. एकमेकांना ढकलत, मिशा पाण्याबाहेर काढून, तोंड उघडत होते, मिटत होते. मी हातानं पाणी ढवळलं. शेजारच्या रिक्षावाल्याकडून बाटली मागितली, वरून धार धरून तेच पाणी परत परत ओतलं. “काय आहे भाऊ डब्यात?” त्यानं विचारलं. “मासे.” “मग घरी जाऊन धुवा ना राव, रस्त्यात काय धुताय!” आणि तो मोठ्यानं हसला. हसला त्यात त्याचं काही चुकलं नाही. मी दीड तास त्या चौकात धार धरून उभा होतो आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की बसच्या कडेनं गाडी काढून वळवावी, चौक सोडला की मागचा रस्ता मोकळा आहे, पंधरा मिनिटांत डोंगर. एकदाही नाही. पुढेच बघत होतो, ट्रेलर कधी हलतो ते.

कंपनीत आलो तेव्हा सव्वा वाजला होता. अकराही हलत होते, दोन आडवे होते. टाकी गणराजनं घासून लख्ख ठेवली होती. ड्रम मात्र रिकामा होता, मुरलेलं पाणी टाकी घासण्यातच संपलं होतं. त्याला काय माहीत, पाणी मुरवावं लागतं ते. नळाचं ताजं पाणी, औषधाचा वास डोळ्यांत जाणारा. दुसरं पाणी नव्हतं. डब्यातलं अर्धं घातलं, अर्धं नळाचं. दगड लावले, चारही, जसे तिथं होते तसे कडेनं. मासे सोडले तसे ते सरळ खाली गेले आणि दगडांच्या अंगाला जाऊन बसले. अगदी बसतात तसे. मी काचेला कपाळ लावून बघत राहिलो. कल्ले हलत होते, फार जोरात. मग हळू. मग मी एका माशावर नजर ठेवली, त्याच्या शेपटीजवळचा पट्टा तुटका होता, आणि त्याचे कल्ले हलायची वाट बघत राहिलो. शंभरपर्यंत मोजलं. दुसऱ्याकडे बघितलं. दोन वाजून दहा मिनिटांनी टाकीत काहीही जिवंत नव्हतं आणि टाकीसारखी टाकी मी नऊ वर्षांत कधी बघितली नव्हती. स्वच्छ पाणी, ओढ्यातले दगड, त्यांच्यापाशी निवांत बसलेले मासे. एकही वर आला नाही.

मॅडम बरोबर तीनला आल्या. पन्नाशीच्या, साध्या, सुती साडी, हातात स्वतःची फाइल स्वतः धरलेली. वाईट बाई असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वह्या बघितल्या, मोटारी बघितल्या, मग टाकीपाशी आल्या आणि वाकल्या. “अरे वा. हे बदललेत तुम्ही.” प्रज्वल सर म्हणाले, “आपल्या सूचनेप्रमाणे, मॅडम.” त्या आणखी वाकल्या. “हे हलत का नाहीत?” प्रज्वल सरांनी माझ्याकडे बघितलं. गणराज खोऱ्याच्या दांड्याला धरून भिंतीशी उभा होता, त्यानंही माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी सगळं माझ्या तोंडात होतं. ‘मेलेत’ एवढा एकच शब्द. नऊ वर्षांचा कॉक त्या एका शब्दानं सुटला असता. मी म्हणालो, “मॅडम, हा मुरा. इथल्याच ओढ्यातला. हा पोहत नाही, बसून राहतो. दिवसा दगड सोडत नाही. पोटातली हवेची पिशवी नावापुरती असते, त्यामुळे वर तरंगत नाही.” सगळं खरं होतं. अक्षर न् अक्षर खरं. आयुष्यात इतकं खरं मी सलग कधी बोललो नसेन. “तुम्हाला बरीच माहिती आहे,” मॅडम म्हणाल्या. “माझी मुलगी शिकते त्याच्यावर,” मी म्हणालो. हे मला कोणी विचारलं नव्हतं. “छान. मुलींना शिकवा.” त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. मला उलटं वाचता येतं. स्थानिक प्रजाती, अकरा, जिवंत.

त्या गेल्यावर प्रज्वल सरांनी खांद्यावर हात ठेवला. “दादा, मानलं तुम्हाला.” सगळे पांगल्यावर मी जाळी घेऊन टाकीशी गेलो. गणराज तिथंच होता. “दादा, हे मेलेत ना ओ?” मी म्हटलं, “कधी कळलं तुला?” “सव्वादोनला. कल्ले बघितले मी.” “मग मॅडमपुढं बोलला का नाहीस?” त्यानं खोरं भिंतीला नीट टेकवून ठेवलं. “तुमी बोललाव की, बसून राहतोय म्हणून,” तो म्हणाला. सकाळी त्याच्या तोंडावर जे होतं ते आता तिथं नव्हतं. आठ तासांत शिकला माणूस. मीच शिकवलं. आम्ही दोघांनी मिळून मासे काढले, आणि तिसऱ्या दिवशी गाळाची गाडी येणार होती, त्या पोत्यांपैकी एकात टाकले. पुरायला माती कुठंय कंपनीत, सगळीकडे काँक्रीट.

मंगळवार ते रविवार मी घरात होतो आणि नव्हतो. जयमाला म्हणाली, “बोलत का नाही, पोटबिट बिघडलंय का?” मी म्हटलं, हो. अपेक्षा परीक्षेचं वाचत होती, मध्येच येऊन माझ्या ताटातली मिरची उचलून न्यायची, जाताना डोक्यावर टपली मारायची. लहानपणी ती मला घाबरायची, या माशामुळं ती माझ्या जवळ आली होती. मी तिला दिलेलं तेवढंच होतं, आणि तेही नानांचं, उसनं. सांगायचं मी रोज ठरवत होतो. सकाळी ठरवायचो, आंघोळीपर्यंत टिकायचं. कधी वाटायचं, कळणारच नाही. चैत्र तोंडावर आलाय, पाणी आटतंय, आपोआप सगळं झाकलं जाईल. आणि हे वाटलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की ती चव यायची.

रविवारी ती म्हणाली, “पप्पा, आज शेवटची मोजणी. तुम्ही चला, दोघं असलो की नोंद पक्की होते.” मी गेलो. तिच्या मागे चढलो, तिची पिशवी घेतली. तिनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. मी खालच्या टोकाशी वाकलो. एक दगड उचलला. वाळू. दुसरा उचलला. मला ठाऊक होतं आणि मी उचलत होतो, नीट, दोन्ही हातांनी, तिला दिसेल असा. माझ्याइतका नीच माणूस त्या डोंगरावर पूर्वी कधी चढला नसेल. “आहे का काही?” ती तिकडून ओरडायची. “नाही.” “इकडंपण नाही.” तासाभरानं ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला. मला वाटलं रडेल. तिचे डोळे चमकत होते. “पप्पा, खाली गेले! वाळूत गेले. पूर्वी चैत्रात, एप्रिलमध्ये जायचे, यंदा मार्चमध्येच. म्हणजे खालची ओल आत्ताच सरकलीय. आजोबा बघायचे ना, तेच हे. हे कोणी मोजून लिहिलेलंच नाही अजून.” ती काठावर बसली, वही मांडीवर घेतली, रकाने आखलेलं पान काढलं. तारीख घातली. पेन्सिल पुढच्या रकान्यावर आली.

तिनं ते लिहिलं असतं. तिच्या सरांनी वाचलं असतं, कुठंतरी छापलं असतं, आणि उद्या कोणी दुसऱ्या पोरानं ते खरं मानून त्यावर पुढचं रचलं असतं.

“अपेक्षा,” मी म्हणालो. “लिहू नको ते.”

“का?”

“खाली नाही गेले. मी नेले.”

तिनं वर बघितलं. हसली थोडी, चेष्टा करतोय असं वाटून. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मी पाण्यात उभा होतो, पाय बधिर झाले होते, बाहेर यायचं धाडस होत नव्हतं. मी सांगितलं. टाकी, पाटी, कॉक, मॅडम, चौक. ओढ्यातलं पाणी कोणाचं, तेही. नऊ वर्षांचं सगळं. माझं संपल्यावर तिनं वही मांडीवर सरळ केली.

“किती?” तिनं विचारलं.

“अकरा.”

“तारीख?”

“मंगळवार. अकरा मार्च.”

“एकसुद्धा ठेवला नाहीत? मेलेला? बाटलीत?”

“गाळाच्या पोत्यात टाकले.”

ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. तिनं दगड मारला असता तर मी तिथंच उभा राहिलो असतो, त्यासाठीच उभा होतो. तिनं पान उलटलं. शेवटी एक छापलेला तक्ता होता, पकडलेल्या नमुन्यांचा. प्रजाती, संख्या, ठिकाण, तारीख. आजवर तो कोरा होता, तिनं एकही कधी पकडून नेला नव्हता. तिनं एकेक रकाना भरला. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता, बाहेरच्या कोणा माणसाला विचारावं तसं म्हणाली,

“पकडणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा.”

मी सांगितलं. दादासाहेब नानासाहेब येळवंडे. तिनं ते माझ्याकडून पूर्ण ऐकून घेतलं आणि मग सावकाश लिहिलं, पहिलं नाव आणि आडनाव रोज स्वतःच्या नावापुढे लिहिते तसंच, आणि मधलं पेन्सिल दाबून.